त्या काठच्या सहा खोल्या

३० नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी रामनगरला पोहोचलो तेव्हा आमच्या पाटीवर कुणीतरी कोळशानं गाढव काढून ठेवलं होतं. चित्र वाईट नव्हतं. पोट, पाय, शेपूट जागच्या जागी. कान मात्र एकच. काढणाऱ्याला मध्येच कुणाची तरी चाहूल लागली असावी. मी बादली भरून आणली, फडकं भिजवलं, मग ते तसंच पिळून दोरीवर टाकलं. विटांच्या ढिगाजवळ कोळशाचा तुकडा सापडला. त्यानं दुसरा कान काढला.

समोरचा लस्सीवाला बघत होता. "का गुरू, अपना फोटो पूरा कर रहे हो?"

"हाँ," मी म्हटलं. "जिसने बनाया है, उसको बोलना, एक कान से गाहक की आवाज़ नहीं आती।"

तो हसला. गिऱ्हाईक मात्र आलं नाही, आजही.

पाटीवर मजकूर असा आहे: 'काशीवासासाठी येणाऱ्या मराठी मंडळींना तळमजल्याच्या सहा खोल्या भाड्याने. कुठेही पायरी नाही.' खाली माझं नाव, शिंदे घाटाचा पत्ता आणि फोन.

गंगेच्या त्या काठी, रामनगरच्या बाजूला, ज्याला मरण येतं तो पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. अलीकडे मेलं तर मोक्ष, पलीकडे मेलं तर गाढव. शिकलेली माणसं हे हसत हसत सांगतात आणि घर अलीकडेच घेतात. आणि मी, सत्तावीस वर्षं या गावात काढलेल्या माणसानं, मरायला येणाऱ्या लोकांसाठी घर बांधलं ते पलीकडे. बँकेचं कर्ज काढून, मेव्हण्याचे पैसे घालून. सगळे विचारतात, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. जागा स्वस्त होती.

ही वही आजपासून लिहितो आहे, कारण घरात बोललं की भांडण होतं आणि स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बोललं की लोक हसतात.

४ डिसेंबर, दत्तजयंती

पहाटे स्नान, जप. घाटावर विश्वेश गुरुजी भेटले. आईचं अंत्यकार्य, दिवस, सगळं त्यांनीच केलं होतं. छत्रीखाली बसून पंचपात्र घासत होते.

"प्रल्हादराव, तुमची जाहिरात पाहिली. तुमच्या अवनीनं मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आहे. दोघातिघांनी मला विचारलंही."

"मग सांगा ना त्यांना, खोल्या चांगल्या आहेत."

"चांगल्याच असतील हो. पण मी इथे बसून लोकांना मोक्ष सांगायचा आणि पत्ता रामनगरचा द्यायचा?"

"त्या काठाला लागते ती गंगा वेगळी आहे का, गुरुजी?"

"शास्त्र मी लिहिलेलं नाही. मी वाचून दाखवतो आणि दक्षिणा घेतो." ते हसले. मग पळी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, "माघातल्या एखाद्या सोमवारी पलीकडे रामनगरला व्यासांच्या देवळात दर्शन घेऊन या. आईंच्या नावानं. दोष असला तर जाईल, नसला तर फेरफटका होईल."

"माझ्या आईला दोष नाही," मी म्हटलं आणि उठलो. दहा पायऱ्या चढून गेलो, परत उतरलो, त्यांच्यासमोर दक्षिणा ठेवली आणि पुन्हा रागानं वर गेलो.

घरी बायकोनं, सुरेखानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

तीन नंबरच्या खोलीत खिडकीखाली कोनाडा आहे. त्यात आज जळलेली वात सापडली, आणि तुळशीची चार पानं, सुकलेली पण अजून हिरवट. लस्सीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, हमको क्या पता. कुलूप तर शाबूत होतं. मिस्त्रीकडे दुसरी किल्ली राहिली असेल. त्याची बायको भाविक आहे.

या खोलीबद्दल एकदाच लिहून ठेवतो.

वडील गेल्यावर आई गावाहून, परभणीकडून, माझ्याकडे आली ती काशीवास म्हणूनच. म्हणाली, आता परत न्यायचं नाही. आमच्या दोन खोल्या शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना आणि घाट मिळून बहात्तर पायऱ्या. सुरुवातीला ती रोज उतरायची. पुढे गुडघे गेले. मग अकरा महिने ती काशीत होती आणि तिला शेजाऱ्याची भिंत दिसत होती. शेवटी मी रामनगरला नदीकाठच्या एका जुन्या घरात तळमजल्याची खोली भाड्यानं घेतली. दोन महिन्यांसाठी. तेलानं गुडघे सुटले की परत आणायचं असं ठरलं होतं. सुरेखा तिच्यासोबत राहिली. आई दिवसभर खिडकीशी बसायची. मला म्हणाली, "तिकडं होते तर काशी दिसत नव्हती रे. इथून सगळी दिसते."

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी ती गेली. मी ड्यूटीवर होतो.

पुढे त्या घराचा मालक जागा विकायला निघाला आणि कमी भावात देत होता, म्हणून मी घेतली. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही. घर पाडलं तेव्हा ही एक भिंत ठेवली, कारण विटा चांगल्या होत्या. मिस्त्री म्हणत होता, पश्चिमेची खिडकी बुजवा, उन्हाळ्यात खोली तापेल. मी म्हटलं, खिडकी राहील.

एकाही खोलीला उंबरा नाही. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लोखंडी दांडी आहे. न्हाणीत बसून आंघोळ करता येईल असा ओटा आहे. असलं घर काशीच्या काठावर कुणी दाखवावं मला.

२१ डिसेंबर, रविवार

आज एक बाई खोली बघायला आल्या. नंदाताई. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. वय सदुसष्ट, एकट्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉर्च. भर दुपारी टॉर्च लावून न्हाणीचे कोपरे पाहिले.

दांडीला धरून दोनदा चालून पाहिलं. ओट्यावर बसल्या. "हे कुणी सुचवलं?"

"मीच."

"पुरुषाला सुचत नाही हे. कुणाला तरी आंघोळ घातली असेल तुम्ही."

मी म्हटलं, भाडं साडेचार हजार, वीज वेगळी.

"मी घाटावरच्या सात खोल्या पाहिल्या," त्या म्हणाल्या. "सगळीकडे जिना. एकानं तर सांगितलं, आजारी पडलात तर महिन्याच्या आत सोडावी लागेल, घरात मयत झाली की यात्रेकरू येत नाहीत. मरायला आलेल्या माणसाला हे सांगतात." मग खिडकीशी गेल्या. बराच वेळ पलीकडे बघत उभ्या राहिल्या. "आणि ते गाढवाचं?"

"तुम्ही मानता?"

"मी चाळीस वर्षं माणसं मरताना पाहिली. गाढव झालेलं कुणी कळवायला आलं नाही." हसल्या. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

"शिंदे घाटाच्या वर. पाटीवर पत्ता आहेच."

"म्हणजे पलीकडे."

"हो."

त्यांनी टॉर्च पिशवीत ठेवला. "मग असं आहे का भाऊ, की तुम्ही तिकडे मरणार आणि मी इकडे?"

मी दांडीवरची धूळ पुसत राहिलो. त्या रागावल्या नाहीत. विचार करून कळवते म्हणाल्या. रिक्षात बसेपर्यंत मी दाराशी उभा होतो.

२२ डिसेंबर

दिवसभर तेच वाक्य. बाराच्या गाडीचं पार्सल चुकीच्या हातगाडीवर चढवलं. नोकरीत पहिल्यांदा.

त्या बाईंना काय कळतं? शिंदे घाटाच्या खोल्या सोडून द्यायच्या का? तीनशे रुपये भाडं, जुना भाडेकरार, कायद्यानं कुणी काढू शकत नाही. घरमालक शेठ दर दिवाळीला विचारतो, सात लाख देतो, खोल्या सोडा, मला यात्रेकरूंसाठी लॉज करायचा आहे. मी दर दिवाळीला नाही म्हणतो. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला मणिकर्णिका. खांद्यावरून नेलं तरी पाच मिनिटांत. अशी जागा कुणी सोडतं?

२८ डिसेंबर, रविवार

सुमंत आला. सुरेखाचा धाकटा भाऊ. मीच त्याला इथे आणला, अभ्यासाला बसवला, आता सरकारी खात्यात माझ्यापेक्षा मोठ्या खुर्चीवर आहे. रामनगरच्या घरात त्याचे सहा लाख आहेत आणि कर्जाला जामीनही तोच.

"दाजी, गिऱ्हाईक आणलंय. हॉटेलवाला आहे. त्याला धुलाईघर करायचंय. चादरी, टॉवेल. तळमजला, पाणी, मोकळी जागा, त्याला सगळं जमतंय. तुमचं कर्ज फिटेल, माझे पैसे सुटतील, वर दीड लाख उरतील."

"धुलाईघर?"

"मग काय मंदिर बांधणार? दाजी, सहा खोल्या चार महिने रिकाम्या आहेत. हप्ता तुमच्या पगारातून जातोय. ताई जुन्या चपला शिवून घालते, तुम्हाला दिसतं का?"

अवनी मध्येच बोलली, "मामा, बाबाको मत बोलो ना ऐसे. त्यांनी किती मन लावून बनवलंय."

"मन लावून बनवलं तर बँक सोडते का ग? लोक तुझ्या बापाला काय म्हणतात ठाऊक आहे? गाढवांचे घरमालक."

"मग गाढवांना भाडं तरी जास्त लावीन," मी म्हटलं. "सामान वाहून दमतात बिचारी, त्यांना तळमजला लागतोच."

सुमंत हसला नाही. म्हणाला, "माघी पौर्णिमेपर्यंत थांबतो. चार खोल्या लागल्या तर ठीक. नाहीतर सही करा. हे मी पैशासाठी नाही बोलत. तुम्ही दोघांनी म्हातारपणी काय करायचं?"

हॉटेलवाल्याची चादरी उकळायची भट्टी कुठे येईल, ते त्यानं कागदावर काढून आणलं होतं. पश्चिमेच्या भिंतीला.

सुरेखा चहा घेऊन आली, कागद पाहिला, आणि कपबशी त्याच कागदावर ठेवली. चहा सांडला. ती पुसायला उठली नाही. तिला हे घर पहिल्यापासून आवडलेलं नाही. चार महिन्यांत एकदाही बघायला आली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज जे घडलं ते नीट लिहितो.

विजेचा माणूस मीटर बघायला येणार होता म्हणून अर्धी रजा टाकली आणि दुपारी रामनगरला गेलो. निघताना घरच्या खुंटीवर किल्ली नव्हती. मला वाटलं, अवनीनं हलवली असेल. माझ्याकडे दुसरी होती.

दार उघडंच होतं. तीन नंबरमध्ये सुरेखा बसली होती, खिडकीखाली. कोनाड्यात समई नव्हे, साधी पणती. शेजारी तुळशीची कुंडी, घरून आणलेली नाही, इथेच लावलेली; एरवी विटांच्या ढिगामागं ठेवत असावी. हातभर वाढली होती. हातभर तुळस वाढायला किती महिने लागतात, ते मी शेतकऱ्याचा मुलगा असून मला तिथे उभं राहून समजलं.

"तू कशी इथे?"

"दर सोमवारी येते. तुमची ड्यूटी असते."

"बस बदलून? एकटी?"

"लहान आहे का मी?" तिनं वात पुढे सारली. "आईंना मी सांगितलं होतं, दोन महिन्यांत परत नेते म्हणून. त्या शेवटच्या सकाळीही विचारत होत्या, किती दिवस राहिले ग. मी सतरा म्हटलं."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुला हे घर आवडत नाही."

"मला तुमचं ते स्वस्त, स्वस्त आवडत नाही. गुरुजींना तेच, सुमंतला तेच. मलाही तेच सांगता."

"स्वस्त होतीच जागा."

तिनं पणतीत तेल घातलं. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "इथल्या पंचांगानं आज माघातला सोमवार आहे. व्यासांच्या देवळात बायकांची रांग लागली आहे. म्हातारी माणसं घेऊन आल्यात, इथे मरण आलं तरी गाढवाचा दोष लागू नये म्हणून. मी रस्त्यावरून बघत आले. आत गेले नाही."

"का?"

"आईंच्या वतीनं माफी मागायला? कशाची?"

विजेचा माणूस आला तेव्हा आम्ही दोघंही भिंतीला टेकून बसलो होतो. त्यानं मीटर पाहिला आणि विचारलं, "किरायेदार आप ही लोग हैं?"

सुरेखा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अभी नहीं।"

१४ जानेवारी, संक्रांत

जप करायला बसलो आणि माळ हातात तशीच राहिली. माझा देवावर विश्वास आहे. विश्वनाथ मरणाऱ्याच्या कानात मंत्र सांगतो, हे मी लहानपणापासून मानत आलो. मग जो सगळ्यांचं ऐकतो आणि सगळ्यांना सांगतो, तो पुलापाशी येऊन थांबतो का? पाण्याला भितो का? आई पाच वाजता उठून त्याचं नाव घ्यायची. तिच्या कानापर्यंत यायला त्याला दोन मैल जास्त पडले असतील, तर पडू देत. तो येईल. तो आला असणार.

हे विश्वेश गुरुजींना सांगितलं तर ते ग्रंथ काढतील. काढू देत. मी भांडत नाही. पण एक मला कळलं. आई त्या काठावर गेली ती माझ्यामुळे, आणि मी मात्र या काठाला घट्ट धरून बसलो आहे, मरताना कामाला येईल म्हणून. नंदाताईंनी नेमकं तिथे बोट ठेवलं. मी लोकांना जे विकायला निघालो ते मी स्वतः घेत नव्हतो.

सुरेखाला तिळगूळ दिला आणि म्हटलं, "शेठला निरोप द्यायचा विचार आहे."

"द्या."

"पुन्हा विचार कर. ही जागा परत मिळणार नाही. इथून मणिकर्णिका—"

"अहो, मी रोज बहात्तर पायऱ्या चढते. भाजीची पिशवी, गॅसची टाकी, सगळं. माझे गुडघे विचारले का कुणी?"

खरंच, कुणीच विचारले नव्हते. मला वाटत होतं, ती हळू चढते ती माझ्यावर रागावून.

२० जानेवारी, मंगळवार

शेठला भेटलो. तो गादीवर पाय पसरून बसला होता. "अरे महाराज, जीते जी काशी छोड़ रहे हो? लोग पैसा देकर आते हैं।"

"काशी नहीं छोड़ रहा। आपका ज़ीना छोड़ रहा हूँ।"

सात लाख ठरले होते ते त्यानं साडेसहावर आणायचा प्रयत्न केला. मी उठून चपला घातल्या. मग सातच.

संध्याकाळी सुमंतकडे. सहा लाखांचा चेक ठेवला. तो कितीतरी वेळ चेकच्या कागदाला हातच लावेना. "दाजी, हा पैसा कुठून?" सांगितलं. तो एकदम लहान मुलासारखा चिडला. "ती खोली सोडलीत? ताईचं काय? उद्या काही झालं तर तिला त्या काठावर..." 

"तुझ्या ताईला विचार."

त्यानं फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तो फक्त "अगं पण" म्हणत होता. तीन-चार वेळा "अगं पण". मग फोन ठेवून चेक खिशात घातला. "जामीन मी राहतो," म्हणाला. "पण मला पटलेलं नाही."

"नको पटू दे."

२५ जानेवारी, रविवार

नंदाताईंना फोन केला. खोली घ्या म्हणून नाही. फक्त सांगितलं, की तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं आहे, पौर्णिमेनंतर येऊन पाहा.

त्या म्हणाल्या, "न्हाणीतल्या ओट्याला एक कोपरा टोकदार आहे. तो घासून घ्या. म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते."

आज पॉलिश पेपर आणून घासला.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल माघी पौर्णिमा. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं हिंदुस्थान अलीकडे उतरत होतं आणि आम्ही पलीकडे निघालो होतो.

सामान टेंपोनं पुलावरून गेलं. देव मात्र सुरेखानं टेंपोत घालू दिले नाहीत. पाटावर मांडून, वर सोवळं घालून, अवनीनं मांडीवर घेतले आणि आम्ही शिंदे घाटावरून नाव केली. नावाडी म्हणाला, "सब लोग इस पार आ रहे हैं, आप भगवान को लेकर उस पार?"

अवनी म्हणाली, "भैया, भगवान को भी ग्राउंड फ्लोर चाहिए।"

निघण्यापूर्वी विश्वेश गुरुजींच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वास्तूला मुहूर्त पाहिलात का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग मी येतो गुरुवारी. दत्ताची पूजा करू. पूल ओलांडला म्हणून मला काही होत नाही, मी संध्याकाळी परत येईन." त्यांना हसू आलं, मलाही.

रिकाम्या खोल्यांना कुलूप घातलं. सत्तावीस वर्षं. शेठच्या माणसाच्या हातात किल्ली दिली आणि बहात्तर पायऱ्या उतरलो. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. शेजाऱ्याची भिंत दिसली.

आज सकाळी नंदाताई आल्या, ट्रंक घेऊनच. चार नंबर घेतला. तीन नंबरमध्ये आम्ही आहोत, दोनमध्ये अवनी. तीन खोल्या रिकाम्या आहेत. असू देत. हप्ता माझ्या पगारातून जाईल, जमेल तितके दिवस जाईल, आणि लागतील तेव्हा लागतील. हॉटेलवाल्यानं भट्टी दुसरीकडे लावावी.

नंदाताईंनी ओट्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? ही जागाच का घेतलीत?"

सुरेखा चहा गाळत होती. तिनं मान वर केली.

मी म्हटलं, "आई इथे गेली म्हणून."

सुरेखानं चहा गाळला. पहिला कप माझ्या हातात दिला, पाहुण्यांच्या आधी.

ऑफिसला जाण्यापूर्वी रंगाचा डबा घेऊन बाहेर गेलो. गाढव तसंच आहे, दोन्ही कानांचं. त्याला हात लावला नाही. शिंदे घाटाचा पत्ता पांढऱ्या रंगानं बुजवला आणि त्याच जागी, वाळल्यावर, शाळेत शिकलो तशा गोल अक्षरांत लिहिलं:

'मालक इथेच राहतात.'